पाव उघडी झडप आणि तिची सरासरी थरथर

एका जंगलात, मुलांनो, विजेची सोय होती. हसू नका. तळ्याचं पाणी उकळायचं, त्याची वाफ व्हायची, वाफेनं टर्बाइन नावाचं मोठं चाक गरगर फिरायचं आणि सिंहमहाराजांच्या गुहेत दिवा लागायचा. बाकी कुणाच्या घरी दिवा नव्हता. तरी सोय सगळ्या जंगलाची, असंच म्हणायची पद्धत होती.

चाकाकडे किती वाफ सोडायची हे एक झडप ठरवायची. त्या झडपेचा दांडा धरून एक साळिंदर दिवसभर उभे असत. त्यांना सगळे गुणाजीकाका म्हणत. झडप पूर्ण उघडली की दिवा लख्ख, बंद केली की अंधार. महाराजांना दुपारी झोपताना लख्ख दिवा खपत नसे, आणि अंधाराची त्यांना भीती वाटे. हे बाहेर कुठे बोलायचं नाही बरं का! म्हणून हुकूम होता, दुपारभर झडप पाव उघडी ठेवायची.

आणि पाव उघडली की झडप थरथरायची. गुणाजीकाकांच्या अंगावरचे काटे खुळखुळायचे. घरी जेवायला बसले तरी हात थांबत नसे, निम्मी आमटी मांडीवर सांडायची. शेवटी ते वेणू मुंगशीकडे गेले. जंगलात कॉम्प्युटर तेवढा तिच्याकडेच होता, उन्हावर चालणारा.

"पोरी, त्या झडपेच्या पोटात काय चाललंय ते तुझ्या या डब्यात दिसेल का गं?"

"बघते, काका."

वेणूनं झडपेची मापं घेतली, हुबेहूब तशीच झडप कॉम्प्युटरमध्ये बनवली आणि तिच्यातून लुटुपुटुची वाफ सोडली. एका सेकंदाचे हजारो तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यात वाफ कुठे असेल याचा हिशोब लावला. अकरा दिवस कॉम्प्युटर घुरघुरत होता. बाराव्या दिवशी पडद्यावरचं चित्र हलू लागलं.

अरुंद फटीतून घुसलेली वाफ सरळ जातच नव्हती. आत्ता या भिंतीला चिकटायची, लगेच त्या भिंतीला. दर वेळी दांड्याला धक्का, आणि असे सेकंदाला शंभर धक्के. दांडा आणखी महिनाभरसुद्धा टिकला नसता. तो तुटला की उकळती वाफ बाहेर येणार, आणि समोर उभे गुणाजीकाका. वेणूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

ती धावत बगळेसाहेबांकडे गेली. बगळेसाहेब महाराजांचे मुख्य सल्लागार. दिवसभर एका पायावर उभे राहायचे आणि जे हलतं त्यावर त्यांचा विश्वास नव्हता.

"साहेब, झडप पाव उघडी नको. पूर्ण उघडली की वाफ सरळ जाते, थरथर थांबते. नाहीतर काका भाजून मरतील हो!"

"आणि महाराजांच्या झोपेचं काय?" साहेब म्हणाले. "शिवाय हा आकड्यांचा ढीग वाचणार कोण? आमच्या फॉर्मात थरथरीसाठी एकच चौकोन आहे. एक आकडा सांग."

"एक कसा सांगू? दांडा सारखा इकडेतिकडे होतोय."

"उजवीकडे किती जातो?"

"अर्धं सूत."

"आणि डावीकडे?"

"तेवढाच."

"मग सरासरी किती झाली?"

साहेबांनी चौकोनात ऐटीत शून्य काढलं आणि वर शिक्का मारला.

महाराज खूश झाले. थरथरमुक्त झडपेचा सोहळा ठरला. तोरणं लागली, माकडांचं ताशापथक आलं. वेणू मात्र गर्दीतून वाट काढत थेट महाराजांपुढे गेली.

"महाराज, अशी शून्य थरथरीची झडप कुठल्याच जंगलात नाही. आज आपणच दांडा धरावा आणि ती पाव उघडावी."

बगळेसाहेबांनी घाईघाईनं दुसरा पाय खाली टेकला. पण महाराज तोवर उठले होते.

महाराजांनी दांडा धरला, झडप पाव उघडली. आधी मिशा हलल्या, मग आयाळ. मग दात वाजू लागले आणि मुकुट घसरून नाकावर आला. सगळी प्रजा खाली मान घालून आपापली नखं बघू लागली.

"ब-ब-बगळे, आम्ही ह-ह-हलतोय का?"

"सरासरीनं नाही, महाराज."

"महाराज, पूर्ण उघडा!" वेणू ओरडली.

महाराजांनी सगळा जोर लावून झडप पूर्ण उघडली. थरथर तिथल्या तिथे थांबली. गुणाजीकाकांनी हळूच पंजा दांड्यावर ठेवला, आणि एवढा मोठा साळिंदर हुंदके देऊन रडू लागला.

त्याच संध्याकाळी हुकूम निघाला. यापुढे झडप कायम पूर्ण उघडी राहील आणि महाराज दुपारी डोळ्यांवर केळीचं पान घेऊन झोपतील. झडप सुधारल्याबद्दल बगळेसाहेबांना शाल आणि श्रीफळ मिळालं. महाराजांना चारचौघांत थरथरायला लावल्याबद्दल वेणूची बदली दलदलीत झाली.

गुणाजीकाका तिला पोचवायला वेशीपर्यंत आले.

"माझ्यापायी तुला हे भोगावं लागतंय, पोरी."

"ते राहू द्या. हात पुढे करा बघू."

काकांनी हात पुढे केला. तो जराही हलत नव्हता. वेणू पोटभर हसली आणि दलदलीच्या वाटेला लागली.

तात्पर्य : थरथर दुसऱ्याच्या हातात असेल, तर तिची सरासरी काढावी. आपल्या हातात आली, तर झडप पूर्ण उघडावी. आणि ती एका हातातून दुसऱ्या हातात नेण्याचं काम, मुलांनो, शहाण्यानं कधीही करू नये.