कांद्याच्या मुळीचे टोक कातरले, त्याची हकीकत

श्री. जे डोळ्यांस दिसत नाही ते भिंगातळी दाखविते त्या देवतेस प्रथम दंडवत, आणि डोळ्यांसमोरचे कातरोन टाकिते त्या अकलेसही दंडवत, की तिच्या तावडीतून आजवर कोणी सुटला नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, पौष मासी एक राज्य बुडाले. राज्य म्हणजे फार मोठे नव्हे. तालुक्याच्या गावी एक कॉलेज, त्याचे मागील अंगास वनस्पतिशास्त्राचा विभाग, एक दालन, सतरा विद्यार्थी, आणि सूक्ष्मदर्शक नऊ, पैकी चालता एक. राज्याच्या स्वामिनी वत्सलाबाई खरवंडीकर, सव्वीस वर्षे एकाच खुर्चीवर. आणि त्यांचे हाताखाली शिपाई रखमाजी घोलप, ज्यांस अवघे मामा म्हणत. मामांनी बत्तीस वर्षे भिंगे पुसिली, परंतु भिंगातून एकवार पाहिले नाही. आपण पुसावे, पाहणारांनी पाहावे, ऐसा त्यांचा नेम.

ऐसियास वरून हुकूम आला जे, नावापुरते उरलेले विभाग बंद करावे; तिघांची समिती येईल, तिजसमोर विद्यार्थ्यांनी वाढत्या कांद्याची मुळी कापोन तीत पेशी दुभंगताना दाखवावी; दाखविली तर विभाग राहील, न दाखविली तर विद्यार्थी पन्नास मैलांवरील कॉलेजात धाडावे; जुन्या तयार काचपट्ट्या चालणार नाहीत. सतरांत मुली अकरा. त्यांस घरची माणसे इतके दूर धाडणार नाहीत हे बाईंस पक्के ठाऊक, आणि त्यांतही यमुना पावरा नामे मुलगी, जिचा हात सर्वांत हलका, तिच्या बापाने स्वच्छ सांगितले होते, "हितं हाय तवर शीक, न्हाई तर माघात लगीन." मग बाईंनी पाच कांदे पाच बरण्यांच्या तोंडी बसविले, बूड पाण्यास लागेल ऐसे, आणि रोज पाणी पालटिले, आणि तिसरे दिवशी पांढऱ्या मुळ्या लोंबू लागल्या, तेव्हा बाई व यमुना दोघी हरखल्या. येथे वाचणाराने एक ध्यानी धरावे. मुळीतील पेशी दुभंगतात त्या केवळ टोकाशी, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी. वरचा दोरा वीतभर असो की हातभर, तेथील पेशी मोठ्या होऊन स्वस्थ बसलेल्या. तेथे पाहोन काही लाभ नाही.

समितीचा दिवस उगवला. प्राचार्य हैबतराव देसले सकाळी आठास, बाई यावयाचे आधी, दालनात फिरते जाहले. मनुष्य वाईट नव्हे. परंतु टापटिपीचे वेड ऐसे की खडूसुद्धा एका मापाचे लागत. त्यांनी बरण्या पाहिल्या आणि नाक मुरडले, आणि माळी सोपान यास बोलाविले, आणि म्हणाले, "काय रे या झिंज्या! एक लांब, एक आखूड. फोटोत कसं दिसेल? कात्री आण, खालून सगळ्या एकसारख्या कर." सोपानाने मेंदीचे कुंपण छाटावे तैसी सर्व मुळ्यांची टोके छाटिली आणि मोरीतल्या घमेल्यात टाकिली. हाय हाय! शत्रू चालोन आला असता तर निदान तुतारी वाजली असती. समिती येण्याचे थोडे आधी मामा घमेले धुवावयास गेले. टोके पाहोन समजले, बाईंनीच कापिली असतील. मग जुन्या सवयीने ती आम्लमद्याच्या कुपीत घातली, जेणेकरून पेशी जेथल्या तेथे थिजोन टिकतात, आणि कुपी फळीवर ठेविली. इतक्यात प्राचार्यांनी त्यांस चहा-भजी आणावयास बाजारी धाडिले.

अकरास समिती आली. यमुनेने मुळ्या कापिल्या, ऊन आम्लात मऊ केल्या, रंगात घातल्या, काचेखाली अंगठ्याने दाबिल्या. बाईंनी डोळा लाविला, आणि त्यांचे तोंड उतरले. एक काच, दुसरी, पाचवी. सर्वत्र थोराड पेशी, ओळीने, शांत. दुभंगती एक नाही. आणि मुळीच्या टोकास जी टोपी असते तीही नाही. बाई ओरडल्या, "टोकं कुणी कापली?" प्राचार्य हसत म्हणाले, "मीच कापवली, मॅडम. शोभा आली की नाही?"

सोपानास पुसिले, टोके कोठे? तो म्हणाला, "घमेल्यात व्हती, आता दिसत न्हाईत." बाईंनी समितीचे प्रमुखांस हात जोडिले, "तीन दिवस द्या, नवे कांदे लावते." ते हळहळले, मग घड्याळ पाहोन म्हणाले, "अहवाल आजच जायचा आहे हो." आणि लिहिले, विभाजन आढळले नाही. यमुना काच धरोन उभी होती. "बाई, माझा हात चुकला का?" म्हणोन तिने पुसिले, आणि बाईंनी नाही म्हटले, परंतु तिला ते पटले नाही. ती रडत एसटीस गेली. त्यावरी मामा भजी घेऊन आले, आणि समितीने ती खाल्ली.

दुसरे दिवशी सामान बांधता मामांनी कुपी पुढे केली. "बाई, ही कालची टोकं. टाकू का?"

बाईंच्या हातून दोरी गळाली. "अहो मामा, काल का नाही बोललात!"

"मला चहाला धाडलं होतं ना, बाई. मला काय ठाव?"

मग बाईंनी एक टोक रंगविले, दाबिले, आणि पाहिले, आणि पुष्कळ वेळ मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "या मामा. आज तुम्ही पाहा." मामांनी टोपी काढोन प्रथमच डोळा लाविला. एका पेशीत लालभडक धागे मध्यावर दाटले होते. शेजारच्या पेशीत ते निम्मे इकडे, निम्मे तिकडे ओढले जात. पलीकडे एकीच्या दोन होऊन मधे पडदा चढत होता. मामा म्हणाले, "काय सुरेख वाटणी! पण बाई, हालत न्हाईत?"

"मेल्यात त्या. मारल्याशिवाय दिसत नाहीत."

"आन् पोरीला दाखवायचं?"

बाईंनी कुपीस बूच लाविले.

येणेप्रमाणे राज्य बुडाले. बाईंस दुसरे कॉलेजात धाडिले. मामांस कार्यालयाचे दारी बसविले. प्राचार्यांचा फोटो फार सुबक आला, पाचही बरण्या एका मापात. अकरा मुलींपैकी पन्नास मैलांवर दोघी गेल्या. यमुनेचे लग्न माघ शुद्ध पंचमीस जाहले. बाई गेल्या होत्या. हात चुकला नव्हता हे सांगावे म्हणोन गेल्या, आणि न सांगता जेवोन परत आल्या.