स्वस्तातला मेंढा

"या वर्षी डायरेक्टर झालो नाही ना, तर नाव सांगणार नाही सौमित्र गुळवणी!"

रेखा भेंडी चिरत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं कुणी? मेंढा आहे ना!"

न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरच्या स्वयंपाकघरात, शनिवारी सकाळी, धडधाकट नवरा असं काही बोलला की दुसरी कुठली बायको त्याच्या कपाळाला हात लावून बघेल. रेखानं तेही केलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात तिला पक्कं कळलं होतं, की या माणसाला ताप येत नाही, कल्पना येतात!

सौमित्रला लोक कंजूष म्हणायचे, पण तो कंजूष नव्हता हो. कंजूष माणूस खर्चच करत नाही. सौमित्र दुसऱ्याला करू द्यायचा. कॉस्टकोच्या दुकानात चाखायला ठेवलेल्या फुकट सॅम्पलवर जेवण उरकायचं, परत करायच्या बोलीवर सूटकेस आणून भारतात जाऊन यायचं, आणि वर म्हणायचं, "सिस्टिम समजून घ्यावी लागते यार!"

तर मेंढ्याची भानगड अशी. सौमित्रचा साहेब डग. डग बोलायचा अर्थात इंग्रजीत, आपण सोयीसाठी मराठीत ऐकू. माणूस भला, पण शिकारीच्या पायी पार वाया गेलेला. त्याच्या केबिनच्या भिंतीवर हरणांची मुंडकी होती, एक सांबरासारखा मोठा प्राणी होता, अस्वलही होतं. आणि मधोमध, देव्हाऱ्यातल्या मुख्य देवाची असावी तशी, एक जागा रिकामी. ती होती बिगहॉर्नसाठी. बिगहॉर्न म्हणजे उंच कड्यांवर राहणारा, जिलबीसारख्या वळलेल्या शिंगांचा डोंगरी रानमेंढा.

अमेरिकेत हरीण कुणीही मारतो. मेंढा मारणं हा श्रीमंतांचा खेळ! गाइड, घोडे, आचारी, सगळा लवाजमा घेऊन जायचं म्हणजे आपल्याकडे एका मुलीचं लग्न होतं तेवढ्यात, केळवणांसकट. खिशात तेवढं नसेल त्यानं सरकारी सोडतीत अर्ज करायचा आणि नंबर लागायची वाट बघायची. डग कित्येक वर्षं बघत होता. पोरं मोठी होऊन घराबाहेर पडली, एक बायको सोडून गेली, दुसरी आली, पण नंबर काही लागेना.

"पण एक आहे," लंचच्या वेळी डग सौमित्रला म्हणाला, "आयडाहो राज्यात नंबर लागला नाही, तर परमिटचे पैसे परत देतात."

पैसे परत! सौमित्रचा घास हातातच राहिला. पैसे परत मिळणार असले तर हा माणूस पाणबुडीसाठीसुद्धा अर्ज करेल! शिवाय डायरेक्टरची जागा रिकामी होणार होती, आणि ती कुणाला द्यायची हे डगच्या हातात होतं. साहेबाच्या आवडीत आपणही आवड दाखवावी, खर्च शून्य! त्यानं ऑनलाइन शिकारीचा कोर्स उरकला, अर्ज ठोकला आणि दुसऱ्या दिवशी डगला सांगून टाकलं, "मीही अर्ज केलाय. शिकार आमच्या रक्तातच आहे. आजोबांनी साताऱ्याच्या जंगलात काय काय मारलंय, विचारू नकोस!"

विचारू नकोस हेच बरं होतं. आजोबा पोस्टमास्तर होते. त्यांनी आयुष्यात एक विंचू मारला होता, तोही चपलेनं, आणि नंतर दोन दिवस जेवले नव्हते.

आणि सोडत निघाली. डगचा नंबर नेहमीप्रमाणे लागला नाही. सौमित्रचा लागला!

डगनं आठवडाभर तोंडच उघडलं नाही. मीटिंगमध्ये सौमित्रकडे बघायचा, आणि मग खिडकीबाहेर. सौमित्रची पाचावर धारण बसली. डायरेक्टर राहिलं बाजूला, आहे ती नोकरी जायची पाळी! "परत करून टाक ते परमिट," रेखा म्हणाली. "आता परत केलं तर पैसे मिळत नाहीत," सौमित्र म्हणाला, आणि तो विषय तिथेच मिटला.

मग एके दिवशी डग स्वतः त्याच्या टेबलाशी आला. एवढा सहा फुटी माणूस, पण आवाज अगदी लहान मुलासारखा. "सौमित्र, गोळी तूच झाडायची, नियमच आहे. पण मला... नुसतं बरोबर नेशील? रायफल माझी, तंबू माझा, दुर्बीण माझी, तिथे गेल्यावर ट्रक माझ्या मेव्हण्याचा. तू फक्त चल!"

सौमित्रला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. फुकटात गाइड! आणि तोही खुद्द साहेब! एकदा याला मेंढा दाखवला, की प्रमोशन स्वतःच्या पायांनी चालत येणार! त्यानं मोठ्या मनानं डगच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जेवणाचं माझ्याकडे लागलं!"

झाली तयारी सुरू. न्यू जर्सीत आमच्या भागात डोंगर नाही. सगळ्यात उंच म्हणजे प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनची पार्किंगची इमारत. सौमित्र पाठीवर सोना मसुरी तांदळाचं पोतं बांधून तिचे जिने चढू-उतरू लागला. लोकांना वाटलं, डिलिव्हरीवाला आहे. एका बाईनं तर हातावर डॉलर ठेवला. त्यानं तो घेतला!

ॲन आर्बरला शिकणाऱ्या लेकीचा फोन आला. "बाबा, आर यू सीरियस? गॅरेजमधला उंदीर तुला मारवला नव्हता! यू गेव्ह हिम चीज!"

"अंतरा, तो उंदीर होता. त्यात करिअर ग्रोथ नव्हती," सौमित्र म्हणाला.

जेवणाचं सामान आणायला तो कॅम्पिंगच्या दुकानात गेला. डगनं सांगितलं होतं, वाळवलेल्या जेवणाची पाकिटं आण, गरम पाणी ओतलं की झालं. सौमित्रनं एका पाकिटाची किंमत वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. "वाळवलेल्या भाताला एवढे?" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की दुकानातला माणूस धावत आला. "अरे, आमच्याकडे शिळ्या भाताला फोडणी देऊन फुकट खातात!"

घरी येऊन त्यानं तांदूळ, मुगाची डाळ, मेतकूट, साजूक तूप, लोणचं असं सगळं बांधलं. रेखा म्हणाली, "उंचावर डाळ शिजत नाही हं. बोटचेपी राहते."

आता सौमित्रमधला इंजिनियर जागा झाला. उंचावर हवेचा दाब कमी, पाणी लवकर उकळतं, पण पुरेसं तापत नाही, म्हणून डाळ शिजत नाही. उपाय? दाब वाढवा! त्यानं फळीवरचा छोटा कुकर उतरवला आणि बॅगेत घातला. फार खूश होता स्वतःवर.

आयडाहोच्या त्या डोंगरांवर पहिल्याच दिवशी सौमित्रला कळलं, की पार्किंगच्या इमारतीला निदान लिफ्ट तरी होती. पायांना फोड आले, कंबर धरली, श्वास असा लागला की शब्द फुटेना. रायफल डगनं उचलली, तंबू डगनं उचलला, तिसऱ्या दिवशी तर सौमित्रची बॅगही डगनंच उचलली. "यात काय खडखडतंय?" त्यानं विचारलं.

"जेवण," सौमित्र म्हणाला.

डग कड्यावर दुर्बिणीला डोळे लावून बसायचा, तासन् तास. सौमित्रला एव्हाना सगळे दगड मेंढे दिसू लागले होते आणि सगळे मेंढे दगड. आठवडा संपत आला, परतीचं विमान जवळ आलं, आणि दुपारच्या सुमाराला डगनं त्याचा दंड इतका जोरात दाबला की सौमित्र कळवळला.

"बघ!"

समोरच्या उतारावर, खडकाच्या आडोशाला, तो बसला होता. काय जनावर होतं महाराजा! शिंगं कानामागून वळून पार गालापर्यंत आलेली, आणि चेहऱ्यावर भाव असे, की जणू डोंगराची सोसायटी याच्याच नावावर आहे. डगच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तो उठेपर्यंत थांबायचं," डग कुजबुजला. "बसलेला असताना खडक मध्ये येतो. तास जाईल, दोन जातील. काही झालं तरी आवाज नाही. एकसुद्धा आवाज नाही! कळलं?"

सौमित्रनं मान हलवली. त्यानं फार काळजी घेतली हो! जॅकेट सळसळतं म्हणून काढून ठेवलं. बूट वाजतात म्हणून काढले. फोन बंद केला, वर रुमालात गुंडाळला. शिंक आली ती नाक दाबून परतवली, तर कानाला दडे बसले. डग त्याच्याकडे कौतुकानं बघत राहिला. खरा शिकारी!

पण पोटात कावळे ओरडत होते. डगला तिथेच ठेवून सौमित्र रांगत मागच्या खडकाआड गेला. बर्नर पेटवला, तांदूळ-डाळ हळूच ओतली, एक दाणा वाजू दिला नाही. हिंग, हळद, मीठ. कुकरचं झाकण लावलं. शिट्टी बसवली. आणि हलकेच रांगत परत डगशेजारी येऊन बसला.

आता तुम्ही म्हणाल, हा माणूस वेडा की खुळा? नाही हो. मराठी माणसाच्या कानाला कुकरची शिट्टी हा आवाजच वाटत नाही! गर्भात असल्यापासून ऐकलेली असते ती. गप्पा चालू असतात, भांडणं चालू असतात, मध्येच ती होते, आणि कुणी वळूनही बघत नाही. आवाज म्हणजे खोकला, आवाज म्हणजे बूट. शिट्टी म्हणजे स्वयंपाक!

सुर्र्र्र... फीऽऽऽऽ!

दरीभर घुमली. समोरच्या कड्यावर आपटून परत आली. डग जागच्या जागी एवढा उडाला की त्याची टोपी दरीत गेली!

आणि मेंढा उठला.

पळाला नाही. नुसता उठला, आडवा उभा राहिला आणि मान वळवून बघू लागला, की हे काय नवीन? त्याची अख्खी डावी बाजू समोर मोकळी!

"अरे गाढवा... अरे देवा... अरे, तू जीनियस आहेस!" डग कुजबुजला. "शिट्टी मारून उठवलंस त्याला! हे मला कधी सुचलं नाही! घे, रायफल घे!"

सौमित्रला काहीच समजलं नाही, पण कौतुक त्यानं ताबडतोब स्वीकारलं. रायफल खांद्याला लावली. तिच्यावरच्या दुर्बिणीत मेंढा दिसला. मेंढ्यानं थेट त्याच्या डोळ्यांत बघितलं, अगदी अप्रेझलला बसलेल्या एचआरसारखं. बोट चापावर गेलं. श्वास थांबला. बस, एवढं बोट दाबायचं की डायरेक्टर!

फीऽऽऽऽ! दुसरी शिट्टी. मेंढा अजून उभाच!

"मार!" डग पुटपुटला. "मार, मार, मार!"

फीऽऽऽऽ! तिसरी.

आणि सौमित्र गुळवणीनं रायफल खाली ठेवली.

"काय करतोस?" डगचा चेहरा पांढरा फटक पडला.

"एक मिनिट हं, तीन झाल्या," सौमित्र म्हणाला आणि पायमोज्यांवर ताडताड धावत सुटला. "खाली लागेल ती!"

गॅस बंद केला. वेळेत! आणि त्या समाधानात त्यानं मागे वळून पाहिलं, तेव्हा समोरचा उतार रिकामा होता. चार खडे घरंगळत होते. डग आडवा पडून आभाळाकडे बघत होता.

 शेवटी सौमित्रनं कुकर उघडला आणि ताटलीत खिचडी वाढली, वर तुपाची धार. डगनं ती मुकाट्यानं खाल्ली. मग दुसऱ्यांदा वाढून घेतली. कुकरच्या तळाचंही खरवडून खाल्लं. पण बोलला नाही. विमानातही नाही. सौमित्रनं दोनदा विमानातले फुकटचे शेंगदाणे पुढे केले, तेही नाही.

पुढचे दिवस सौमित्रनं कसे काढले ते त्यालाच ठाऊक. आणि एका सोमवारी ई-मेल आली: नवीन डायरेक्टर, रत्ना बोकारे! सौमित्रच्याच टीममधली, नागपूरची. जिनं आयुष्यात मुंगी मारली नव्हती, आणि जी रोज पाचच्या ठोक्याला घरी जायची!

सौमित्र तडक डगच्या केबिनमध्ये घुसला. "एका मेंढ्यासाठी, डग? एक मेंढा गेला म्हणून?"

डगला क्षणभर कळेचना. "मेंढा? मेंढ्याचा काय संबंध? ऑफिसचं काम आणि शिकार मी कधी एकत्र करत नाही. रत्ना मार्चमध्येच माझ्याकडे आली होती. म्हणाली, मला ही जागा हवीय, ही माझी कारणं. कारणं चांगली होती. तेव्हाच ठरलं." मग तो थांबला. "म्हणजे, तुला हवी होती? अरे, मग बोलला का नाहीस? आठवडाभर एका तंबूत झोपलो आपण!"

सौमित्र घरी आला आणि बूट न काढताच सोफ्यावर बसला. रेखानं सगळं ऐकून घेतलं. "रत्नानं सरळ जाऊन मागितलं?"

"हो."

"मग तू का नाही मागितलंस?"

"अगं, असं तोंड उघडून कसं मागायचं साहेबाकडे? लाज नाही वाटत?"

"परक्या बाईचा डॉलर घेताना बरी नाही वाटली ती!"

सौमित्र नुसता समोरच्या भिंतीकडे बघत बसला. रेखालाच शेवटी त्याची दया आली. जवळ येऊन तिनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जाऊ दे रे. प्रमोशन काय, आज नाही उद्या होईल. त्याचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं?"

"त्याचं नाही गं," सौमित्र रडवेल्या आवाजात म्हणाला. "मागायला पैसे पडत नव्हते!"