मागाखालचं पिल्लू

पिल्लू सलग चार रात्री रडलं आणि पाचव्या सकाळी दूधवाल्याने घनकांत सैकियांचे सुजलेले डोळे पाहून विचारलं, "मास्तर, कोणाशी मारामारी झाली का?"

पिल्लाचं नाव कोलिया. काळं कुळकुळीत, ओंजळीत मावेल एवढं, आवाज मात्र अख्ख्या गावाला पुरून उरेल असा. घनकांतांची मुलगी निजरा हिने ते आणून दिलं होतं, आणि तेही अट घालून. आई जाऊन तीन वर्षं झाली, आता देउतांनी एवढ्या घरात एकटं राहायचं नाही, गुवाहाटीला आपल्याकडे यायचं, असा तिचा हट्ट होता. देउतांना, म्हणजे घनकांतांना, तिच्या सातव्या मजल्यावरच्या घराच्या नुसत्या कल्पनेने गरगरायचं. शेवटी तिने तोड काढली. "घरात निदान एक कुत्रं असू दे. बिहूपर्यंत ते रुळलं आणि तुमची झोप नीट राहिली, तर राहा इथे. नाहीतर मी ट्रक घेऊन येते."

बिहूला तीन आठवडे होते. शिवाय निजरा रोज रात्री बारा वाजता फोन करून विचारायची, "देउता, झोपलात का?" ती स्वतः त्या वेळी का जागी असते, हे विचारायचं घनकांतांना कधी सुचलं नाही.

त्यांनी सगळे उपाय केले. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून दिली. कंदील ठेवला. रेडिओ लावला. एका रात्री दारंखिडक्या बंद करून गाणंसुद्धा म्हटलं. कोलियाने मान वाकडी करून पहिलं कडवं ऐकलं आणि दुप्पट जोराने रडायला सुरुवात केली.

कोडं सोडवलं शेजारच्या पदुमीने, तेही नकळत. बिहूला भेट द्यायचे गामोसे, म्हणजे काठाचे पंचे, विणून व्हायचे होते म्हणून ती संध्याकाळी आपल्या मागावर बसली. कुंपणापलीकडे पहिली खटखट झाली आणि इकडे कोलिया रडता रडता, तोंड उघडं ठेवूनच, आडवा झाला. पदुमी भात उतरवायला उठली, की हा जागा. ती पुन्हा बसली, की हा ढाराढूर. तेव्हा घनकांतांच्या डोक्यात प्रकाश पडला. पिल्लू सुआलकुचीच्या विणकराच्या घरातलं होतं. मागाखालीच जन्मलेलं.

त्यांनी पदुमीच्या मागाचा आवाज फोनवर रेकॉर्ड केला. कोलियाने फोन हुंगला आणि त्याच्यावर भुंकला.

मागच्या पडवीत घनकांतांच्या बायकोचा, तरुलताचा, माग होता. चादरीखाली झाकलेला. त्यावर अर्धा विणलेला गामोसा होता, ती सोडून गेली तसाच. तीन वर्षांत त्याला कोणी हात लावला नव्हता. त्यात आमच्या गावात मागावर बाई बसते. विणकरांच्या गावी पुरुषही बसतात म्हणे, पण आमच्याकडचा पुरुष फार तर मागाचा खिळा ठोकेल आणि शेजारी चहा पीत बसेल.

त्या रात्री अकरा वाजता घनकांतांनी चादर काढली. "तरू, रागावू नकोस," ते म्हणाले आणि त्यांनी पायाखालची पावडी दाबली.

आधी नुसतीच फणी आपटून पाहिली. कोलियाने एक डोळा उघडला. काहीतरी कमी होतं. मग त्यांनी आडव्या सुताचा धोटा फेकला, तो अंगणात गेला. दुसऱ्यांदा बादलीत गेला. पाचव्यांदा मात्र तो सुतांमधून सरसरत पलीकडे पोचला आणि कोलियाने त्यांच्या पावलावर हनुवटी टेकून डोळे मिटले. बाहेर चांदणं होतं, नागकेशराचा वास पडवीभर दाटला होता. पांढरं सूत चांदण्यात मागेपुढे होत होतं. आपले डोळे कधी मिटले, हे घनकांतांना कळलंच नाही.

सकाळी कुंपणावरून पदुमीचं डोकं वर आलं. ती घनकांतांना ककायदेऊ, म्हणजे थोरला भाऊ, म्हणायची.

"ककायदेऊ, रात्री माग कोण चालवत होतं?"

"कुठला माग?"

"तुमचा."

"छे! स्वप्न पडलं असेल तुला."

"स्वप्नात धोटा बादलीत पडतो होय?"

लाजेपोटी घनकांत घरात गेले आणि तिथेच चुकले. दुपारपर्यंत चहाच्या टपरीवर दोन तट पडले. एक म्हणे, तरुलता परत आलीय; दुसरा म्हणे, घरात कोणी बाई आलीय. पदुमीने तो तट जागीच मोडला. "भूत असतं तर चांगलं विणलं असतं. हा शिकाऊ हात आहे. म्हणजे बाई नवी आहे, आणि वयानं लहान आहे!"

मग काय विचारता. नामघरातले, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरातले, म्हातारे बापूराम घनकांतांच्या पाठीवर थोपटून म्हणाले, "या वयात सोबत लागतेच रे. लपवायचं काय त्यात?" शेजारणी पिठे, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोड पदार्थ, पाठवू लागल्या, दोन ताटल्यांत. घनकांत एक खात, एक कोलियाला घालत. दोन्ही ताटल्या स्वच्छ होऊन परत गेल्या आणि गावाची खात्रीच पटली.

बिहूला पाच दिवस असताना पदुमीने निजराला फोन लावला. "पोरी, लगेच ये. तुझ्या घरात कोणाला तरी आणलंय. विणायला येत नाही, पण पिठा चाटूनपुसून खाते."

निजरा शेवटच्या बसने आली. पदुमी टॉर्च घेऊन तयारच होती. दुसऱ्या हातात पानसुपारीची थाळी होती, बाई बरी निघाली तर स्वागताला. दोघी पाय न वाजवता मागच्या पडवीशी गेल्या.

माग चालू होता. चांदण्यात, डासांपासून वाचायला तरुलताची शाल डोक्यावरून घेतलेली एक पाठ डुलत होती.

"आई..." निजराच्या तोंडून निघून गेलं.

पाठ वळली. तिला मिशा होत्या.

"श्श!" घनकांत म्हणाले. "आत्ताच डोळा लागलाय."

"कोणाचा?"

त्यांनी पायाकडे बोट दाखवलं. त्यानंतरचं सगळं भांडण कुजबुजत झालं, आणि आरोपी विणता विणता उत्तरं देत होता.

"देउता, रोज रात्री हे करता? हीच का तुमची झोप? उद्या सामान बांधायचं!"

"अगं, तासभर चालवतो. मग मीही इथेच आडवा होतो. तुझी आई गेल्यापासून अशी झोप लागली नव्हती मला."

पदुमीने कापडावर टॉर्च मारला. "अगंबाई, काय हे काठ! ककायदेऊ, भांग घेऊन विणलंत का?"

निजरा वाकली. आईचा सरळसोट काठ जिथे संपत होता, तिथून देउतांचा नागमोडी काठ सुरू होत होता. तिने त्या जोडावर बोट ठेवलं आणि तिला भडभडून आलं. "मी जरा बसते," ती नाक ओढत म्हणाली, "मग बोलते तुमच्याशी."

ती खांबाला टेकून बसली, लहानपणी बसायची तिथेच. धोटा सरसरला, फणी आपटली. पदुमीने जांभई दिली आणि थाळी मांडीवर ठेवली.

निजराला जाग आली तेव्हा उन्हं अंगणभर झाली होती. पहिली बस गेली होती, दुसरीही गेली होती. अंगावर आईची शाल होती, पोटाशी कोलिया होता. पदुमी थाळीसकट घोरत होती. सामान बांधायचा विषय त्या दिवशी निघाला नाही, नंतरही नाही.

आता बिहू होऊन महिना झाला. कोलिया मोठा झालाय, रात्री आठ वाजता जागा मिळेल तिथे झोपतो. त्याला मागबिग काही लागत नाही. पण बारा वाजता फोन वाजतोच.

"देउता, झोपलात का?"

"नाही गं."

"मग माग चालवा ना."

"रेकॉर्ड करून पाठवलं होतं की तुला."

"ते चालत नाही हो."

घनकांत फोन बाकावर ठेवतात आणि पावडी दाबतात. थोड्या वेळाने सातव्या मजल्यावरून बारीक घोरणं ऐकू येतं. तोवर खटखटीने जागा झालेला कोलिया त्रासून उठतो आणि स्वयंपाकघरात जाऊन झोपतो.