दिगंबररावांचं स्टारबोर्ड

"होडीचं मला काय सांगतेस? माझा जन्म वेंगुर्ल्याचा!" दिगंबर नाडकर्ण्यांनी अमेरिकेतल्या एडिसन गावच्या घरी ओट्याशी उभं राहून जाहीर केलं.

जन्म वेंगुर्ल्याचा, हे खरं. पण ते दीड वर्षाचे असतानाच वडिलांची नागपूरला बदली झाली आणि त्यानंतर त्यांनी पाणी पाहिलं ते कूलरमधलं!

ऐकणारी होती त्यांची सोळा वर्षांची मुलगी, निधी. दोन उन्हाळे ती तळ्यावरच्या क्लबात शिडाची होडी चालवायला शिकत होती. १९०० सालच्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सीन नदीवर अशा होड्यांची शर्यत झाली होती. त्या शर्यतीच्या आठवणीखातर क्लबने जुन्या थाटाची शर्यत ठेवली होती. एका होडीत एक पालक, एक मूल. कोच बघणार होते आणि त्यावर निधीची टीममधली जागा ठरणार होती.

"बाबा, सुकाणू मी धरते ना!"

"बाप जिवंत असताना?"

दिगंबररावांनी आठवडाभर त्या ऑलिम्पिकचा इतिहास घोकला. शर्यतीचे नियम मात्र "चालवताना कळतातच" म्हणून सोडून दिले.

शनिवारी पांढरी पँट आणि गवती हॅट घालून ते सुकाणूवर बसले, ते थेट सत्यनारायणाला बसल्यासारखे! भोंगा वाजला. उजवीकडून एक गोरे आजोबा नातवासह आपली होडी घेऊन सुसाट आले आणि ओरडले, "स्टारबोर्ड!"

किती अगत्याची माणसं! दिगंबररावांनी हॅट उंचावली. "स्टारबोर्ड, सर! स्टारबोर्ड!"

"बाबा, टर्न! स्टारबोर्ड म्हणजे बाजूला व्हा! आधी जायचा हक्क त्यांचा आहे!"

"अगं, आधी उत्तर तरी देऊ दे त्यांना!"

धाड! आजोबांनी रागाने लाल झेंडा फडकवला.

"बघ, सलामी देतायत!" दिगंबररावांनी निधीचा लाल टॉवेल उचलून दुप्पट जोराने हलवला. असंच आणखी दोन होड्यांशी झालं. धडक, झेंडा, टॉवेल!

"बाबा, स्टॉप इट! लाल झेंडा म्हणजे तक्रार! तुम्ही तिघांविरुद्ध तक्रार केलीय!"

टॉवेल हातातून गळून तळ्यात गेला.

किनाऱ्यावर तीन पंच टेबल मांडून बसले होते. निधीच्या आईने, सुलभाताईंनी, कौतुकाने काढलेला नवऱ्याचा व्हिडिओ पुरावा म्हणून लावला गेला. पंचबाईंनी विचारलं, "मिस्टर नाडकर्णी, तुमचं म्हणणं काय?"

निधी मान खाली घालून बुटांकडे बघत होती. मुलगी नवखी आहे, गोंधळली, एवढं म्हटलं असतं तर सुटका होती. दिगंबररावांनी हॅट काढून टेबलावर ठेवली.

"मॅडम, मला वाटलं, ते नमस्कार करतायत. ही पहिल्यापासून बरोबर सांगत होती. मीच ऐकलं नाही."

टेबलाभोवती हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसले ते गोरे आजोबा! होडी अर्थातच बाद झाली. पण व्हिडिओत निधीची प्रत्येक सूचना खणखणीत ऐकू येत होती. कोचने तिला टीममध्ये घेतलं, आणि रविवारच्या पालक-मुलांच्या दुसऱ्या शर्यतीत सुकाणूही तिच्याच हाती!

गाडीत निधी म्हणाली, "बाबा, उद्या माझ्याबरोबर होडीत तुम्हीच या हं."

दिगंबररावांची छाती फुगली. "बघ! शेवटी अनुभव लागतोच."

"नाही बाबा, उद्या वारा खूप आहे. होडी उलटू नये म्हणून एका बाजूला वजन लागतं."