खटखट की टकटक?

कदमकाकांना 'आवाज येतोय' असं नुसतं सांगून चालत नाही. "कसला? खडखड की खुळखुळ?" हा प्रश्न आलाच. मी एकदा बेसावधपणे म्हणाले, "काका, आमच्या मिक्सरमधून कसलातरी आवाज येतोय." झालं! दारातच माझी तोंडी परीक्षा सुरू. मी भीत भीत 'घरघर' म्हणाले. काकांनी मिक्सर लावून ऐकला आणि खेदाने मान हलवली. "मॅडम, ही घरघर न्हाई, कुरकुर हाय. घरघर पोटातून येते, कुरकुर गळ्यातून." मी वीस वर्षं शाळेत मराठी शिकवते. सपशेल नापास झाले.

काका मूळचे उदगीरकडचे. इथल्या एका कंपनीत एकतीस वर्षं इंजिन टेस्टिंगला होते. नवी इंजिनं चालू करायची, ऐकायची आणि जरा वेगळा सूर लागला की परत पाठवायची, एवढंच काम. ते निवृत्त झाले, कान काही झाले नाहीत. आमच्या ताथवड्याच्या सोसायटीत ते एकटे राहतात. काकू गावी सासूबाईंपाशी. लिफ्ट, पाण्याचा पंप, लोकांच्या स्कूटर, सगळ्यांवर यांचा कान. माझ्या नवऱ्याचे गुडघेसुद्धा "ग्रीस मागूलालेत" असं त्यांनी भर पार्किंगमध्ये जाहीर केलंय. पण माणूस इतका निर्मळ की रागावताही येत नाही.

सोसायटीच्या भिंतीपलीकडे हिराकाकूंचं घर. आमच्या इमारती ज्या शेतात उभ्या आहेत ते शेत त्यांचंच. शेत गेलं, चार वर्षांपूर्वी त्यांचे मालकही गेले आणि पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टर तेवढा राहिला. त्यांचा मुलगा संतोष म्हणत होता, भंगारात देऊन टाकू. हिराकाकू म्हणत होत्या, आधी चालू करून बघू. हे भांडण भिंतीवरून काकांच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वारी पाना घेऊन हजर.

संतोषने अट घातली. "करा चालू काका, आपली ना नाही. पण इंजिन उतरवायची वेळ आली, तर मग रविवारी भंगारवाला येणार म्हणजे येणार."

"चालतंय की," काका म्हणाले. हिराकाकू मात्र तेव्हापासून नीट जेवल्या नाहीत.

हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांनी संसार थाटला होता. टाकीतल्या डिझेलचा चिकट गाळ झाला होता. काकांनी टाकी धुतली, ऑइल आणि फिल्टर बदलले, इंजिन आधी हाताने फिरवून पाहिलं, डिझेलच्या नळीतली हवा काढली. शनिवारी दुपारी स्टार्टर मारला. ट्रॅक्टर खोकला, त्याने काळा धूर सोडला आणि एकदाचा चालू झाला! हिराकाकूंनी टाळ्या वाजवल्या. काकांचा चेहरा मात्र पडला. आतून काहीतरी ठोकत होतं.

"खटखट असेल तर रडा, टकटक असेल तर चहा टाका," हे काकांचं ठरलेलं वाक्य. खटखट म्हणजे खालचं बेअरिंग गेलं, इंजिन उतरवा. टकटक म्हणजे वरचा टॅपेट ढिला, पाना फिरवा आणि मोकळे व्हा. संतोष म्हणाला, "खटखट आहे." हिराकाकू म्हणाल्या, "टकटक हाय." मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मराठीच्या बाईंनी शेडचे पत्रे मोजायला घेतले.

काकांनी लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मग एकेका सिलिंडरची डिझेलची नळी क्षणभर ढिली करून, तेवढा सिलिंडर बंद पाडून पाहिला. बेअरिंग गेलं असतं तर कुठेतरी ठोका कमी झाला असता. झाला नाही. स्क्रू-ड्रायव्हर वरच्या झाकणावर आला आणि काकांचा चेहरा उजळला. "वहिनी, चहा टाका!"

चहा होईपर्यंत टॅपेट जुळले. पुन्हा चालू केलं तर इंजिन असं सुरेल चाललं की संतोषही म्हणाला, "मानलं राव काका!" काका मुलीचं लग्न पार पडल्यासारखे घाम पुसत उभे होते.

हिराकाकू ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आल्या.

"झाक झालंय," त्या म्हणाल्या. "पर ह्यो आमचा न्हाई वाटत."

"का हो वहिनी?"

"मालक शिवारातनं निघालं की त्या वळणापासनं टकटक ऐकू यायची. मंग मी तवा ठिवायची. आता ह्यो असा मुकाट आला, तर मला कळायचं कसं?"

माझे डोळे भरून आले. आता काका समजूत घालणार असं मला वाटलं. ज्या आवाजापायी या माणसाने शेकडो इंजिनं माघारी धाडली, तो आवाज ते कसा राहू देतील? काका म्हणाले, "संतोष, बंद कर रे." झाकण पुन्हा उघडलं. पाना किंचित उलटा फिरला.

"एकच टॅपेट जरासा ढिला ठेवलाय. रोज नांगराला थोडाच जुंपायचाय? काही होत न्हाई." मग माझ्याजवळ येऊन हळूच, "मॅडम, आमच्या टेस्टिंगवाल्यांना हे कळू देऊ नका."

टक टक टक टक. हिराकाकूंनी पदर तोंडाला लावला आणि हसायलाच लागल्या. "व्हय! ह्योच! ह्योच त्यो! संतोष, बघत काय ऱ्हायलास? वळणापातुर नेऊन आण की!"

वळणावर आता आमच्या सोसायटीचं गेट आहे. वॉचमनने ट्रॅक्टरला सलाम ठोकला. परत येतानाची टकटक ऐकू आली, मी वळून पाहिलं, तर हिराकाकू अंगणात नव्हत्या. आतून भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

काकांनी ट्रॅक्टरकडे पाठ केली आणि कान घराकडे लावला. मी निदानाची वाट पाहत राहिले. त्यांनी कसलंच नाव सांगितलं नाही. भिंतीपाशी जाऊन गावी काकूंना फोन लावला.

"अगं, काही बोलू नको. फोन ओट्यावर ठेव अन् भाकऱ्या थाप."

"येडं लागलं का तुमाला?" काकूंचा आवाज मला इथवर ऐकू आला. मग परात सरकल्याचा आवाज झाला. काका भिंतीला टेकले, फोन कानाशी घट्ट धरला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.