बालसा विमानाची आवश्यक साधने व त्यांचे पावित्र्य

कोणतेही कार्य साधनांवाचून सिद्धीस जात नाही, हे सर्वांना मान्य आहे. साधने पुरेशी जमली की कार्य सिद्धीस नेण्याची घाई उरत नाही, हे मात्र अनुभवानेच कळते. मी स्वतः सोमवार धरते, प्रदोष धरते, चतुर्थी धरते आणि तुळशीला पाणी घातल्याशिवाय चहाला हात लावत नाही. त्यामुळे नियम पाळणाऱ्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. आमच्या शहापूरच्या 'बालसा विमान प्रतिकृती विकास मंडळा'ने नियम इतके पाळले की स्थापनेपासून आजवर मंडळाचे एकही विमान पडलेले नाही. (उडालेलेही नाही. पण अहवालात अपघातांचा रकाना असतो, उड्डाणांचा नसतो.)

बालसा हे परदेशी लाकूड. इतके हलके की हातात घेतले तर दुकानदाराने चुकून नुसता कागदच बांधून दिला असे वाटावे. त्याच्या काड्या आणि पातळ पट्ट्या जोडून हातभर विमान करतात, नाकाला पंखा लावतात, पोटातल्या रबराला पीळ देतात आणि सोडतात. हे सगळे बी-बियाण्यांचे दुकान असलेल्या कमलेशजींनी मोबाईलवर पाहिले आणि त्यांना वाटले की आपल्या बंटीने यात मागे राहू नये. बंटी त्या वेळी झोपला होता. मंडळ स्थापन झाले. कमलेशजी अध्यक्ष झाले. केवळरामजी परीक्षक झाले, कारण गावातल्या तान्ह्या पोळ्यात मुलांच्या लाकडी नंदीबैलांचे परीक्षण वर्षानुवर्षे तेच करतात, आणि लाकूड ते लाकूडच. मला महिला प्रतिनिधी केले. महिला नसली तर फोटो बरा दिसत नाही, शिवाय हळदीकुंकू लावायला कोणीतरी लागते.

मंडळाने पहिल्याच सभेत ठरवले की विमानाचे नंतर पाहू, आधी साधने. ती अशी.

चाकू. पातळ पात्याचा, पेनासारखा धरायचा. जाणकार म्हणतात एक पुरतो, पाते बोथट झाले की बदलावे. मंडळाने तीन प्रकारचे घेतले आणि पाते बोथट होऊ नये म्हणून वापर टाळला.

पोलादी पट्टी. सरळ कापण्यासाठी. तिच्यावरचे प्लास्टिक काढलेले नाही, कारण काढले की ती जुनी होते.

पाट आणि टाचण्या. विमानाचा नकाशा पाटावर पसरायचा, त्यावर काड्या मांडायच्या आणि गोंद वाळेपर्यंत टाचण्यांनी जखडून ठेवायच्या. टाचण्यांनी पाटाला भोके पडतात हे लक्षात आल्यावर पाटावर काच बसवून घेतली. आता टाचण्या टोचत नाहीत आणि पाट आरशासारखा दिसतो.

गोंद. झटपट चिकटणारा. एकदा उघडला की नळीतल्या नळीत वाळतो, म्हणून उघडला नाही. न उघडताही वाळला. (हा हवामानाचा दोष समजावा.)

घासण्याचा ठोकळा, चिमटे, बारीक करवत, तळहातात मावेल असा रंधा. आणि एक छोटी इस्त्री, पंखावरचे पातळ आवरण ताणून बसवायची. कमलेशजींच्या सौभाग्यवती केशरबाईंनी ब्लाउजच्या बाह्या दाबायला ती मागितली होती. त्यांना सांगण्यात आले की ही वैमानिकी इस्त्री आहे. त्या मुकाट्याने घरात गेल्या आणि त्या दिवशीची भाजी फार तिखट झाली, असे कमलेशजींनीच पुढे सांगितले.

ही सर्व साधने जांभळ्या मखमलीच्या पेटीत ठेवून पेटी मारुतीच्या सभामंडपातल्या कपाटात ठेवली. दर शनिवारी सदस्य जमत, कपाट उघडत, पेटी पाहत आणि कपाट लावत. साधनांविषयीची जाण गावात चांगलीच वाढली. मंडळाच्या पाहणीनुसार दहापैकी नऊ सदस्य आता चिमट्याला त्याच्या इंग्रजी नावाने ओळखतात. दहावे केवळरामजी. ते चिमट्याला चिमटाच म्हणतात, पण वडीलधारे असल्याने त्यांना सूट आहे.

आता विमानाचे. ते गावात एकच होते आणि मंडळाचे नव्हते. माझ्या शेजारच्या टिकारामची डिंपल, नववीतली, हिने शाळेत आलेल्या कुण्या पाहुण्या मास्तरांकडून बालसाच्या थोड्या पट्ट्या मिळवल्या होत्या आणि त्यांचे घरीच विमान केले होते. फार सुंदर होते असे नाही. शेपूट जरा वाकडे होते. तरी ती ते जपून ठेवी, कारण त्याच मास्तरांनी नागपुरात मुलांचे शिबिर ठेवले होते आणि आमच्या भागातून एकाच मुलाला घेणार होते. कोणाला पाठवायचे ते मंडळाने स्पर्धा घेऊन कळवावे, असा त्यांचा निरोप होता. टिकारामने मुलीला सांगून टाकले होते: नंबर आला तर नागपूर, नाही आला तर ह्या काड्या चुलीत. टिकाराम वाईट माणूस नाही. त्याच्या घरी एकाच खोलीत पाच माणसे झोपतात आणि विमानाचे पंख पसरलेले असतात.

मंडळाने स्पर्धा तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ठेवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले एरवीही लाकडी नंदी सजवून मांडतातच, परीक्षकही हजर असतात, गुणपत्रिकाही तयार असते. तिच्यात 'नंदी'च्या जागी 'विमान' एवढाच बदल केला. साधनांना साठ गुण, रंगकाम व झुलीला वीस, बालकाच्या पोशाखाला पंधरा, आणि थोरांशी वागणुकीला पाच. उडण्याबद्दल सभेत चर्चा झाली. ते 'शेरा' या रकान्यात लिहिता येईल, असे ठरले.

स्पर्धेच्या आठवडाभर आधी पडताळणी झाली. बंटीचे विमान आले. ते सुताराकडून सागवानात करून घेतले होते, आणि नियमातल्या 'बालसा' या शब्दाचा अर्थ 'बालसा किंवा त्याहून भारी लाकूड' असा घ्यावा, हे अध्यक्षांनी आधीच मंजूर केले होते. त्याला चार चाके होती आणि ओढायला दोरी होती. केवळरामजींनी ते दोन्ही हातांनी उचलले, दम लागला, समाधानाने खाली ठेवले. मग डिंपलचे विमान उचलले. उचलताना त्यांचा हातच वर गेला, कारण त्यांनी वजनाच्या तयारीने जोर लावला होता.

"हे त काहीच नाही जी," ते म्हणाले. "फुकलं त उडून जाईन हे."

हा दोष म्हणून नोंदवण्यात आला.

नंदीची पारख करताना केवळरामजी त्याचा पाय अंगठ्याने दाबून पाहतात. अस्सल सागवानाचा नंदी हूं की चूं करत नाही. त्याच पद्धतीने त्यांनी विमानाचा डावा पंख दाबला. काडकन आवाज आला. केवळरामजींनी अंगठा पाहिला, पंख पाहिला आणि दुःखाने मान हलवली. पोरीला कोणीतरी फसवले, असे त्यांचे प्रामाणिक मत पडले.

दुसऱ्या दिवशी डिंपल माझ्याकडे आली तेव्हा मी हरतालिकेसाठी नदीची वाळू चाळत होते. पंख तिने टॉवेलात गुंडाळून आणला होता.

"काकू, मले एक ब्लेड पाह्यजे. अन् थोडासा गोंद. तुटलं तिथं तिरपं कापून तुकडा बसवला का जुळते."

पेटी तर याचसाठी होती. मी तिला घेऊन कमलेशजींच्या दुकानावर गेले. त्यांनी आम्हाला बसायला सांगितले, पाणी दिले आणि सगळे ऐकून घेतले. दुरुस्तीसाठी साधने मागायला आलेली ही पहिलीच व्यक्ती, म्हणून त्यांना आनंदही झाला.

"पण पेटी आत्ता कशी खोलाची बेटा?" ते म्हणाले. "स्पर्धेच्या दिवशी पूजा आहे तिची. पूजेआधी हात नाही लावत."

"मंग पूजा झाल्यावर देसान?"

"पूजा झाल्यावर कशी देऊ? पूजेतल्या वस्तूनं कोणी लाकडं कापते का?"

डिंपलने विचारले, "त मंग काका, पेटी आणली कायले?"

"विमान बनवाले," कमलेशजी शांतपणे म्हणाले.

मी व्रतवैकल्ये करणारी बाई. या युक्तिवादात मला कुठेही खोट सापडली नाही. आमच्या घरीही पूजेची म्हणून ठेवलेली चांदीची वाटी आहे, तिच्यात कोणी कधी काही खाल्लेले नाही.

यानंतर डिंपलने जे केले ते मंडळाच्या दृष्टीने अनधिकृत होते. बापाच्या दाढीचे अर्धे पाते, आगपेटीला गुंडाळलेला घासकागद, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे, वहीला लावायचा पांढरा गोंद. तुटलेली काडी तिरपी कापली, तसाच तिरपा तुकडा बसवला, चिमटे लावून रात्रभर ठेवला आणि सकाळी घासला. मग दोन्ही पंखांखाली एकेक बोट धरून विमान तोलून पाहिले. शेपूट खाली जात होते, म्हणून नाकाला चिमूटभर ओली कणीक लावली. साधनांच्या रकान्यात तिला शून्य मिळाले. कणकेबद्दल खुलासा मागवण्यात आला.

स्पर्धा कारध्याला, नदीकाठच्या मैदानात झाली. जागा निवडताना एक गोष्ट राहून गेली: तिथे वारा फार. विमानांच्या स्पर्धेत वारा ही मोठीच अडचण. सजावट उडते, बेगड फाटते. म्हणून मंडळाने नदीच्या बाजूने उंच कनात बांधून घेतली आणि वाऱ्याचा पूर्ण बंदोबस्त केला.

बाकी सोहळा दृष्ट लागण्यासारखा झाला. बंटी फेटा बांधून आला होता. त्याच्या सागवानी विमानाला मखमली झूल होती, पंखांना घुंगरू होते आणि शेपटाला लिंबू-मिरची. ओढताना ते एकदा उलटले, पण विमानाला काही झाले नाही. खालच्या सतरंजीला झाले. डिंपल शाळेच्याच कपड्यांत होती. तिने केवळरामजींना विचारले की उडवून दाखवू का. केवळरामजी म्हणाले, "आधी कार्यक्रम होऊ दे वं माय. शेरा शेवटी असते."

मग पेटीची मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे अध्यक्ष, मध्ये डोक्यावर पेटी घेतलेला बंटी. व्यासपीठावर चौरंग, चौरंगावर तांदूळ, तांदळावर पेटी. मी झाकणावर स्वस्तिक काढले. प्रत्येक चाकूला हळदीकुंकू, पट्टीला प्लास्टिकवरूनच, इस्त्रीला झेंडूचे फूल. करवतीला अक्षता वाहताना एक दाणा दातांत अडकला, तो तसाच राहू दिला. कमलेशजींनी भाषण केले. साधनांनी सज्ज असलेली पिढी हीच देशाची उंच भरारी, असे ते म्हणाले आणि टाळ्या इतक्या झाल्या की वाक्य पुन्हा म्हणावे लागले. मग आरती झाली. मंडपातला एकूण एक माणूस पेटीकडे तोंड करून उभा होता आणि कोणाचीही नजर ढळली नाही. अशी एकाग्रता मी कीर्तनातही पाहिलेली नाही. आरतीनंतर निकाल जाहीर झाला: बंटी, शंभरपैकी शंभर, शिबिरासाठी निवड. प्रसाद वाटायला घेतला तेव्हा टिकाराम घाईघाईने आत आला. तो आरतीच्या वेळी खर्रा थुंकायला कनातीबाहेर गेला होता.

"उडलं जी," तो म्हणाला. "पोरीनं सोडलं न वर गेलं. दोन घिरट्या मारल्या, न मंग नदीवरून पार तिकडं गेलं. म्या आपल्या डोयानं पाह्यलं."

केवळरामजींनी गुणपत्रिका पुन्हा उघडली. अन्याय करणारा माणूस नाही तो. विमान कुठे आहे, असे त्यांनी विचारले. नदीपलीकडे, टिकाराम म्हणाला. आणखी कोणी पाहिले? कोणीच नाही. बापाची साक्ष धरता येत नाही, असे केवळरामजींनी समजावून सांगितले आणि शेऱ्यात लिहिले: 'विमान हजर नाही.' टिकारामने प्रसाद घेतला नाही. मुलगी बाहेर उभी होती, तिच्याकडे गेला आणि एवढेच म्हणाला, "चाल वं, पट्ट्या कुठं भेटतेत ते सांग मले." पण शिबिराची जागा एकच होती, ती भरली. नागपूरहून कळले की बंटी तिथे आनंदात आहे आणि मास्तरांनी त्याला पहिल्या दिवशी चाकू दिला तेव्हा त्याने तो कपाळाला लावून परत केला.

तरीही मंडळ निष्पक्ष आहे. आरती चालू असताना विमान उडताना प्रत्यक्ष पाहिलेल्या, आणि मुलीच्या नात्यात नसलेल्या कोणीही पुढे यावे, निकालाचा फेरविचार होईल, असे मंडळाने जाहीर केले आहे. गावातून कोणी आले नाही. मीही जाऊ शकत नाही, निरांजन माझ्याच हातात होते. म्हणून मला हे वाचत असलेल्या तुमची आठवण झाली. तुम्ही तर त्या दिवशी पूर्ण वेळ तिथेच होतात, शिकले-सवरलेले, कोणाच्या नात्यातले नाही. पण नाव द्यायला बसले आणि ध्यानात आले की तुम्हीही त्या वेळी माझ्या शेजारीच उभे होतात, करवतीच्या दातातला तांदळाचा दाणा पाहून हसत, नदीकडे पाठ करून.