तुळाजीबावांनीं फुटका नळ दातांनीं धुंडिला, त्याची हकीकत

श्रीजलदेवता सुप्रसन्न असो. सांगणाराचे नांवाशीं काम नाहीं. वर्तमान खरें, तें ऐकावें. शके एकोणीसशें सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, वैशाख मास. ते समयीं तीन खोल्यांचे दौलतींत तुळाजीबावा खराडे नांदत होते. पूर्वीं शहरचे पाणीखात्यांत चाकरी. लोखंडी सळई रस्त्यावर टेकावी, वरले टोंकास कान लावावा आणि जमिनीखालीं नळ कोठें फुटला तें सांगावें, ऐसा त्यांचा लौकिक. परंतु वार्धक्यें कान गेले आणि सळई दाराआड पडली. मग राज्यावर संकट आलें. साऱ्या तोट्या बंद असतां मीटर फिरे आणि गच्चीवरली टाकी रिती राही. पुत्र मानाजीराव यांणीं प्लंबर आणविला. तो बोलिला, "लाइन फरशीखालून गेलीय. सगळी उखडावी लागेल." हें सूनबाई शरयू यांणीं कानाशीं ओरडून सांगतांच बावांचें काळीज हाललें. ती शहाबादी फरशी त्यांच्या कैलासवासी पत्नी चंद्राबाईंनीं एकेक पारखून आणिली होती आणि तीस वर्षें नारळाचे करवंटीनें घासून आरशासारखी केली होती. बावा उठले आणि बोलिले, "एक दिवस द्या मला."

मानाजीराव ओरडले, "बाबा, तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू येत नाही!"

परंतु शरयूबाईंनीं सळई पुसून हातीं दिली. बावांनीं एक कान लाविला, कांहीं नाहीं. दुसरा लाविला, कांहीं नाहीं. मग चिडून टोंक दातांत आवळिलें, आणि अकस्मात जबड्यांतून मस्तकीं बारीक फुसफुस चढली. मग बावा गुडघ्यांवर रांगत, दातांतली सळई फरशी फरशीवर टेकीत चालिले आणि देव्हाऱ्यापासून चवथीवर नाद थोर होतांच थबकले. "इथं. फक्त ही उचला."

फरशी अलगद उचलिली आणि वीतभर खणतां सांध्यांतून पाण्याची धार दिसली. प्लंबर मुख्य कॉक बंद करावयास उठला, तों बावांनीं त्याचा हात धरिला. "जरा थांब. ऐकू दे." आणि सळई पुन्हा दातीं धरून डोळे मिटले. त्या नादांत पहाटेचे ओले रस्ते आले आणि सोबत्यांच्या सायकलींच्या घंट्या आल्या, आणि उंबऱ्यांत चहा घेऊन उभ्या चंद्राबाई पुसत्या जाहल्या, "काय हो, आज कुठं फुटलं?" बऱ्याच वेळानें बावांनीं सळई काढिली आणि म्हणाले, "कर बंद."

सारांश, एक फरशी निघाली आणि जागीं बसली, टाकी भरली, मानाजीराव ओशाळले. नाद गेला तो गेला. बावांचे दाढेंत मात्र दोन दिवस कळ राहिली. सूनबाईंनीं लवंग पुढें केली, ती त्यांणीं घेतली नाहीं.